‘थोडे’ म्हणजे नेमके किती?



अनुवादकाची फसगत अवघड शब्दांपाशी क्वचितच होते. तेथे तो सावध असतो, कोश उघडतो. फसगत होते ती ‘फ्यू’, ‘ईच’, ‘एनी’ यांसारख्या शाळेत शिकलेल्या शब्दांपाशी.

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांत अंतर एका उपपदाचे. परंतु महापुरातून ‘अ फ्यू’ माणसे वाचली असे म्हणणारा लेखक वाचलेल्यांकडे पाहत असतो, तर ‘फ्यू’ वाचली असे म्हणणारा बुडालेल्यांकडे. आकडा दोन्हीकडे एकच असू शकेल. दोन्ही ठिकाणी ‘थोडी माणसे वाचली’ असे लिहिले, तर आकडा राहतो आणि दृष्टी हरवते. मराठीत हा भेद क्रियापदाच्या आश्रयाने नांदतो : ‘काही माणसे वाचली’ आणि ‘फारशी माणसे वाचली नाहीत’. मुळात नकार शब्दाने नाही, अर्थाने आहे. तो उघड करणे ही मुळाशी निष्ठाच होय. ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ यांचेही तसेच.

मात्र हा नियम आंधळेपणाने लावू नये. चर्चिल यांनी २० ऑगस्ट १९४० रोजी ब्रिटिश संसदेत आपल्या वैमानिकांचा गौरव केला तो ‘फ्यू’ याच शब्दाने. तेथे अल्पसंख्या हेच भूषण आहे. तेथे ‘मूठभर मावळे’ यातला ‘मूठभर’ आठवला पाहिजे.

‘ईच’ आणि ‘एव्हरी’ या दोहोंना ‘प्रत्येक’ म्हणून आपण मोकळे होतो. पण ‘ईच’ एकेकाला निरखतो, ‘एव्हरी’ एकालाही सुटू देत नाही. ‘एकेक’, ‘ज्याचे त्याला’ आणि ‘झाडून सारे’, ‘यच्चयावत’ हे आपले शब्द अशा वेळी कामास यावेत.

‘एनी’चे मोल तर कायद्यात कळते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १४ मध्ये समानतेचे संरक्षण ‘एनी पर्सन’ला आहे, अनुच्छेद १९ मधील स्वातंत्र्ये ‘ऑल सिटिझन्स’ना. पहिल्या ठिकाणी ‘कोणत्याही व्यक्तीस’ समानता नाकारली जाणार नाही, असेच म्हटले पाहिजे. ‘काही व्यक्तींना’ असे लिहिले, की उरलेल्यांना ती नाकारण्यास वाट मोकळी झाली!

आपल्या वाचकाजवळ मूळ ग्रंथ नसतो. असतो तो आपल्यावरचा विश्वास. म्हणून हस्तलिखित छापखान्यात धाडण्यापूर्वी केवळ या लहान शब्दांसाठी ते एकदा मुळाशी ताडून पाहावे, एवढीच विनंती.