शिळाछाप चित्रातला भोई

(देहूरोड येथील व्याख्यानाचा मजकूर)



देहूरोडवरून जाणारा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला. पुण्याहून खंडाळ्यापर्यंत गाडी होती, मुंबईहून खोपोलीपर्यंतही होती. मधला बोरघाट मात्र पालखी, तट्टू आणि बैलगाडी यांच्या आधारे ओलांडावा लागे. २१ एप्रिल १८६३ रोजी घाटातला मार्ग खुला होईपर्यंत आगगाडीच्या युगाचा एक दुवा माणसाच्या खांद्यावर होता.

हा खांदा त्या काळच्या शिळाछाप चित्रांत दिसतो. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने रेखाटन करावे व दगड ओला करावा. मग छपाईची शाई रेघांनाच धरते. ताम्रपत्रावरील कोरणीपेक्षा हे काम स्वस्त. १८२६ च्या सुमारास जोझे गोन्साल्विस यांनी मुंबईची दृश्ये अशी छापली. १८३१ साली गणपत कृष्णाजी यांनी याच तंत्राने पंचांग छापले. एकाच विद्येने साहेबाच्या दिवाणखान्याला चित्र दिले आणि रयतेच्या घराला पंचांग.

अशा चित्रांची मांडणी पाहण्याजोगी असते. मागे भव्य इमारत. पुढे भोई, गाडीवान, ओझेवाले. इमारतीचे नाव चित्राखाली छापलेले असते, भोयाचे नसते. श्रम दिसतात, मजुरी दिसत नाही.

ती मजुरी इतिहासात दिसते. रेल्वे कंपनीच्या भागधारकांना सरकारने पाच टक्के परताव्याची हमी दिली होती. मजुराच्या पगाराची हमी कोणीच दिली नव्हती. कंपनीने काम ठेकेदाराकडे सोपविले, ठेकेदाराने पोटठेकेदाराकडे. मजुरी थकली, तेव्हा १८५९ च्या आरंभी घाटातील मजुरांनी दंगा केला. १८६१ साली तेथे चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. पटकीने कितीतरी दगावली. आज प्रवासी बोगदे मोजतात. ती माणसे कोणी मोजत नाही.

ठेकेदाराने मजुरी थकविली तर ती मूळ मालकाने द्यावी, हे तत्त्व कायद्यात यायला त्या दंग्यानंतर एकशे अकरा वर्षे लागली. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ते मान्य केले. परंतु मागणारा संघटित नसेल, तर असे तत्त्व कागदावरच राहते. पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत यंत्राशेजारी उभा असलेला कंत्राटी कामगारही पुष्कळदा त्या भोयासारखाच असतो: चित्रात आहे, कंपनीच्या पटावर नाही.

म्हणून कार्यकर्त्यांचे पहिले काम साधे आहे. कारखान्याच्या दाराशी जावे, प्रत्येकाचे नाव विचारावे, त्याच्या हाती पगारपत्रक आहे की नाही ते पाहावे आणि लिहून ठेवावे. चित्राखालची कोरी राहिलेली ओळ तेथूनच भरू लागेल.