पाहुण्यांची खरेदी



दिवाळी आली, गावची जत्रा आली, की मुंबई-पुण्याला पांगलेली माणसं घरी येतात. आता तर लंडन-अमेरिकेहूनही येतात. चार दिवस राहतात आणि निघायच्या आधी हमखास विचारतात, "मामा, आपल्याकडचं काहीतरी न्यायचंय. पैठणी कुठं घ्यावी? घोंगडी मिळेल का? कोल्हापुरी चपला कुणाकडच्या चांगल्या?" आपण त्यांना तालुक्याच्या मोठ्या दुकानात नेऊन सोडतो. तिथं पुष्कळदा यंत्रावरची नक्कल हातच्या मालाच्या भावानं गळ्यात पडते. पाहुण्याचे पैसे जातात, आणि ज्याच्या हातात कला आहे त्याच्या घरी त्यातला छदामही पोचत नाही. म्हणून खरी वस्तू ओळखावी कशी, याविषयी आज थोडं बोलू.

पहिली पैठणी. नाव पैठणचं; पण आज पैठणीचे माग नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात आणि त्याच्या आसपासच्या गावांत मोठ्या संख्येनं आहेत. पैठणी घेताना पदर उलटा करून पाहावा. हातानं भरलेल्या पदरावर मोराच्या प्रत्येक रंगाचा धागा विणकर वेगळा घेतो आणि शेजारच्या धाग्यात अडकवतो. त्यामुळे पदर सुलटा तसाच उलटा दिसतो. यंत्रावरच्या नकलेत मागच्या बाजूला धागे लोंबतात, कापलेले दिसतात, किंवा ते झाकायला जाळी लावलेली असते. साध्या पदराला काही आठवडे, तर भरगच्च पदराला कित्येक महिने लागतात. तेव्हा फार स्वस्त पैठणी दिसली, की सावध व्हावं.

शिक्क्यांचंही तसंच. 'सिल्क मार्क' 2004 साली सुरू झाला. तो एवढंच सांगतो की रेशीम शुद्ध आहे. साडी हातमागावरची आहे, असं तो सांगत नाही. त्यासाठी 2006 साली निघालेला 'हँडलूम मार्क' पाहावा. दुकानदारानं एक शिक्का दाखवला, तर दुसरा विचारावा. रेशमाची घरगुती परीक्षाही आहे. सुटलेला एखादा धागा जाळून पाहावा. खऱ्या रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटानं चुरते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते.

आता घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर धनगर कातरतो, तिचं सूत काततात आणि सणगर ती मागावर विणतो. मग तिला चिंचोक्याची खळ देतात. म्हणून नवी घोंगडी कडक लागते, अंगाला टोचतेही. शहरातला पाहुणा हात लावतो आणि म्हणतो, "ही नको बुवा, मऊ दाखवा." मऊ ब्लँकेट गिरणीतही मिळतं, हा टोचरेपणा अस्सल लोकरीचा आहे, हे त्याला आपणच सांगायला हवं.

कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावतात आणि चामड्याच्याच वादीनं ती शिवतात. जुन्या पद्धतीच्या चपलेत खिळा नसतो. तेव्हा तळ नीट निरखावा. या चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर या जिल्ह्यांतला कारागीर जितका खरा, तितकाच बेळगाव भागातलाही.

आता भावाची गोष्ट. घासाघीस करण्यात आपण पटाईत. पण कारागिराच्या दारात भाव पाडण्याआधी एक प्रश्न विचारावा : "ही वस्तू करायला किती दिवस लागले?" मग सुताचा आणि कातड्याचा खर्च वजा करावा, उरलेल्या रकमेला दिवसांनी भागावं. रोजगार हमीच्या मजुरीइतकंही उत्तर येत नसेल, तर त्याचा मुलगा मागावर कशाला बसेल? 2009-10 च्या हातमाग गणनेत देशात 43 लाखांवर हातमाग कामगार होते. 2019-20 च्या गणनेत ते 35 लाखांवर आले. दहा वर्षांत 8 लाख हात कमी झाले. पिढ्यान्‌पिढ्यांचं हे ज्ञान पुस्तकात उतरलेलं नाही. हात थांबला, की तेही थांबलं.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांकडून एक वही करून घ्या. आपल्या गावात आणि पंचक्रोशीत कोण विणतं, कोण चपला शिवतं, बुरूडकाम कोण करतं, मडकी कोण घडवतं, कोणत्या वारी कोणत्या बाजारात बसतं, हे मुलांनी घरोघर जाऊन लिहावं. जमल्यास एक दिवस वर्ग मागापाशी न्यावा. धोटा कसा फिरतो हे डोळ्यांनी पाहिलेलं मूल ती गोष्ट विसरत नाही. पाहुणा आला, की हीच वही त्याच्यापुढं ठेवावी आणि पोरांनीच त्याला कारागिराच्या दारी न्यावं.

गावाकडून नेलेली वस्तू परक्या मुलखात घराची आठवण देते. ती खरी असावी, आणि तिचा पैसा खऱ्या हाती पडावा, एवढंच सांगायचं होतं. दुकानाची वाट पाहुण्याला कुणीही दाखवील. कारागिराचं घर मात्र आपल्यालाच ठाऊक असतं.