बेताच्या पैशांत घरचे गाणे



पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ साली. आणि ज्या जातीच्या ध्वनिक्षेपकातून माझा आवाज या घडीला आपणांपर्यंत पोचतो आहे, तो हलत्या वेटोळ्याचा ध्वनिक्षेपक अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोन अभियंत्यांनी जगापुढे मांडला तो १९२५ साली. म्हणजे आमच्या वक्त्यांनी पहिली पन्नास वर्षे नुसत्या घशावर निभावून नेली. त्या वक्त्यांच्या छातीला आणि त्या श्रोत्यांच्या कानाला नमस्कार करून मी मंडपातून थेट घरात शिरतो. कारण माझा विषय इथल्या कर्ण्यांचा नसून आपल्या बैठकीच्या खोलीतल्या दोन लहान पेट्यांचा आहे. दुकानात त्यांना स्पीकर म्हणतात. मीही तेच म्हणणार आहे.

ज्यांना लाखभर रुपये या कामी खर्चता येतात त्यांच्यासाठी हे भाषण नाही. त्यांना सल्ला देणारे पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी बहुतेक विक्रेते आहेत. मी बोलतो आहे ते वर्षभर पैसे बाजूला टाकून दहा, पंधरा, फार तर वीस हजारांचा विचार करणाऱ्या घराविषयी. अशा घरात आज गाण्याला तोटा नाही. एके काळी एका तबकडीसाठी महिनाभर थांबावे लागे. आता अब्दुल करीम खाँ, हिराबाई, केसरबाई सारे खिशातल्या फोनमध्ये येऊन बसले आहेत. पण ऐकावयाचे कशातून, तर त्याच फोनच्या बोटभर फटीतून. आणि घरात गाणे शिकणारी मुलगी असेल तर तिचा तंबोराही त्याच फटीतून वाजतो. माझी सारी तक्रार या तंबोऱ्याविषयी आहे.

पुरुष गायकाने काळी एक धरली तर त्याच्या षड्जाची कंपने सेकंदाला सुमारे १३९ होतात आणि तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेची त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे ६९. स्त्रीस्वरासाठी काळी चारमध्ये तंबोरा लावला तर खर्ज सुमारे १०४ वर येतो. फोनच्या स्पीकरमधून तीनशे-चारशे कंपनांच्या खाली फारसे काही निघत नाही. म्हणजे खर्जाचा मूळ स्वर तर नाहीच, जोडीच्या तारांचाही मूळ स्वर नाही. मग आपल्याला षड्ज ऐकू कसा येतो? मौज अशी की कान तो स्वतःच्या पदरचा घालतो. वरचे उपस्वर ऐकून त्यांच्या हिशेबावरून खालचा स्वर कोणता असावा हे कान ताडतो. ही त्याची करामत खरी. पण स्वर ताडणे निराळे आणि स्वरात बसणे निराळे. ज्या मुलीने तंबोऱ्याच्या शेजारी बसून खर्ज पाठीत घुमलेला कधी अनुभवला नाही, तिला आपण स्वराचा सांगाडा देतो आहोत.

सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे नाव आपण प्रकाशाशी जोडतो. पण १९२१ साली त्यांनी आपल्या तंतुवाद्यांवर एक निबंध लिहिला आणि तंबोऱ्याच्या जवारीकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. तार ज्या जागी छेडावी त्या जागी ज्या उपस्वराचा निश्चल बिंदू येतो, तो उपस्वर जुन्या नियमाप्रमाणे उमटता कामा नये. पण पसरट घोडीवर दोरा सरकवून जवारी खुलवली की तंबोऱ्यात तोही जोमाने उमटतो. म्हणजे तंबोऱ्याची श्रीमंती दोन टोकांना आहे: खाली खर्जाचा पाया आणि वर उपस्वरांची झालर. जो स्पीकर खाली सुमारे ६५-७० कंपनांपर्यंत प्रामाणिकपणे उतरतो आणि वर झालरीला न फाडता जातो, तो आपल्या गाण्याला पुरतो. तबल्यातल्या बायाचा घुमारा आणि पखवाजाची थाप शंभराच्या आसपास आणि तिच्या खाली खेळते. तीही त्यात पुष्कळशी येते.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण यातच आपल्या पैशांची बचत आहे. पाश्चात्त्यांच्या चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनची सर्वांत लांब नळी सोळा कंपनांपर्यंत जाते. तिच्यासाठी मोठी पेटी हवी, मोठा पडदा हवा, मोठी खोली हवी. आपल्या ख्यालाला, नाट्यगीताला, अभंगाला तेवढे खोल जावयाचेच नाही. मग ज्या खोल आवाजाची आपल्याला गरज नाही त्याचे पैसे का मोजावे?

पण बाजारात नेमका त्याचाच भाव आहे. दुकानात शिरताच विक्रेता ज्या पेटीला हात घालतो ती छातीत धडधडते आणि गिऱ्हाईक खूश होते. घरी आणून तिच्यावर विलंबित लावा. बायावर मींड घेतली तर ती चढता उतरताना ऐकू येत नाही. प्रत्येक थापेला एकच ‘धुम्म’ येतो. याचे कारण, ती पेटी एका ठरावीक स्वराभोवती फुगवलेली असते आणि बाकीचे स्वर त्या फुगवट्याखाली दबतात. खोल आवाज आणि फुगलेला आवाज यांतला फरक ओळखण्यास बायाइतकी चांगली कसोटी नाही.

पेटी लहान ठेवून आवाज सरळ कसा ठेवावा ही विद्या आता जुनी झाली आहे. एडगर विल्चर याने १९५४ साली अमेरिकेत बंद पेटीतल्या हवेचीच स्प्रिंग करून पुस्तकाच्या फडताळात मावेल एवढ्या स्पीकरमधून खालचे स्वर काढून दाखवले. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील याने १९६१ साली भोकाच्या पेटीचे गणित मांडले आणि पुढे १९७०च्या दशकात रिचर्ड स्मॉल याने ते पुरे केले. त्यामुळे आज चांगला स्पीकर काढणे हे कारखानदाराच्या प्रतिभेवर अवलंबून राहिलेले नाही, त्याच्या दानतीवर आहे. एक गोष्ट मात्र गणितानेही बदलत नाही. लहान पेटी, खोल आवाज आणि मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. दोन घ्याव्या, तिसरी सोडावी. घरात गाणे ऐकणाऱ्याने मोठा आवाज सोडावा. शेजारीही दुवा देतील.

बी. बी. सी.ने १९७०च्या दशकाच्या आरंभी बाहेरच्या प्रक्षेपणासाठी गाडीत मावेल असा एक स्पीकर तयार केला. उंची जेमतेम एक फूट, आतला मोठा पडदा पाचएक इंचांचा. फार खाली तो जात नाही. पण माणसाचा आवाज त्यातून असा येतो की पन्नास वर्षांनंतरही लोक तो शोधत फिरतात. त्याच्या किमतीच्या वाटेस आपण जावयाचे नाही. धडा एवढाच की पाच ते साडेसहा इंचांचा पडदा आणि वरच्या स्वरांसाठी निराळा लहान पडदा, अशा दोन पेट्यांत आपले गाणे मावते. बेताच्या पैशांत वर्धक आतच बसवलेली जोडी घेणे सोयीचे, कारण निराळा वर्धक घ्यावा लागत नाही.

वॅटविषयी थोडक्यात सांगतो. खोक्यावर पी. एम. पी. ओ. अशी चार अक्षरे आणि पुढे हजाराचा आकडा दिसला की खोके खाली ठेवावे. त्या आकड्याला कसलेही सर्वमान्य मोजमाप नाही. बैठकीच्या खोलीत समाधानाने गाणे ऐकताना स्पीकरला सरासरी एका वॅटचाही काही हिस्साच लागतो. तबल्याच्या थापेला क्षणभर चार-पाच वॅट लागतील. पन्नासाचे शंभर वॅट केले तर आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम जाणवण्याइतका वाढतो. दुप्पट वाटण्यासाठी शक्ती दसपट करावी लागते.

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून दुकानदार माझ्यावर रागावतील. दोन कानांसाठी दोन वाटांनी मुद्रित केलेल्या तबकड्या बाजारात आल्या त्या १९५८ साली. त्यापूर्वीचे सारे, म्हणजे ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरचे बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, केसरबाई, एकाच वाटेने मुद्रित झालेले आहे. ज्याचे ऐकणे मुख्यत्वे या जुन्या गाण्याचे आहे त्याने दोन वाईट स्पीकरांऐवजी एकच चांगला घ्यावा आणि दोन्ही वाटा त्यात एकत्र करून ऐकाव्या. गवय्या एक, तोंड एक, स्पीकर एक. दुसरा पुढल्या दिवाळीला घेता येतो; पण तो त्याच नमुन्याचा सुटा मिळेल ना, एवढे आधी विचारून ठेवावे.

निवड कशी करावी? कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल या शास्त्रज्ञाने पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले. कोणता स्पीकर वाजतो आहे हे दिसेनासे झाल्यावर निरनिराळ्या श्रोत्यांची आवड पुष्कळच जुळू लागली; आणि ती त्या स्पीकरांकडे झुकली, ज्यांचा आवाज मापनात सरळ आणि गुळगुळीत उतरत होता. पुढे १९९४ साली टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर श्रोत्यांना दाखवून ऐकवले, तेव्हा पेटीचा आकार आणि नाव पाहून मते बदलली. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातही असेच होते म्हणा. तेव्हा दुकानात डोळे मिटून ऐकावे. दुसरे, दोन स्पीकर ताडून पाहताना दोहोंचा आवाज सारखा ठेवण्यास सांगावे, कारण किंचित मोठा वाजणारा स्पीकर नेहमीच चांगला वाटतो आणि विक्रेत्याच्या बोटांना हे ठाऊक असते. तिसरे, दुकानातले गाणे ऐकू नये, आपले न्यावे. नुसता तंबोरा, एक विलंबित आणि ओळखीच्या माणसाचे साधे बोलणे. बी. बी. सी.चे संशोधकसुद्धा पारखीसाठी माणसाच्या बोलण्याचा आधार घेत. बायकोचा आवाज पिंपात बसून बोलल्यासारखा येतो की पडसे झाल्यासारखा, हे सांगण्यास कोणतेही यंत्र लागत नाही.

एवढे करून आणलेला स्पीकर घरी बिघडतो. म्हणजे बिघडलेला असतो तो नव्हे, खोली. हार्वर्ड विद्यापीठात १८९५च्या सुमारास एक नवे व्याख्यानगृह बांधले. त्यात उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सेबाइन या तरुण अध्यापकाला ते दुरुस्त करावयास सांगितले. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणावयाच्या, मोजमाप करावयाचे आणि सकाळपूर्वी परत नेऊन ठेवावयाच्या, असा क्रम चालवला आणि त्यातून खोलीच्या घुमण्याचे शास्त्र निघाले. आपल्या घरी गाद्या रात्री चोरून आणाव्या लागत नाहीत. फरशी उघडी, भिंती चुन्याच्या किंवा रंगवलेल्या, मध्ये काचेचे कपाट, अशा खोलीत कोणताही स्पीकर खणखणतो. जमिनीवर सतरंजी किंवा जाड गालिचा, समोरच्या भिंतीशी गाद्यांची चळत, पुस्तकांचे उघडे फडताळ, खिडकीला जाड कापडाचा पडदा एवढ्याने जो फरक पडतो तो आणखी दहा हजारांच्या स्पीकरने पडणार नाही. घुमणाऱ्या खर्जाला मात्र पातळ पडदा उपयोगाचा नाही.

खर्जाचा बंदोबस्त जागेने होतो. बारा फूट लांबीच्या खोलीचा स्वतःचा स्वर ४७ कंपनांच्या आसपास असतो आणि दहा फुटांचा ५६ च्या. खोली दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच असेल तर तिन्ही स्वर एकावर एक चढतात, आणि त्यांच्या दुपटीही; मग काही स्वर ढोलासारखे येतात आणि काही येतच नाहीत. खोली तर बदलता येत नाही. पण कोपरा या स्वरांना सर्वांत जास्त चिथावतो, म्हणून स्पीकर कोपऱ्यातून काढावे, भिंतीपासून हातभर पुढे आणावे, आणि आपण पाठीमागच्या भिंतीला टेकून बसू नये. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा.

आणि ते माळ्यावर ठेवू नयेत. आपल्याकडे स्पीकरची जागा कपाटाच्या डोक्यावर, का, तर मुलांचे हात लागू नयेत म्हणून. वरच्या स्वरांची कंपने सरळ रेषेत जातात. ती डोक्यावरून छपराला सांगून जातात आणि झालर हरवते. वरच्या स्वरांचा पडदा कानाच्या पातळीत हवा. खुर्चीत बसणाऱ्यांच्या पुस्तकांतली उंची आपण घेऊ नये; सतरंजीवर मांडी घालून बसले तर कान जमिनीपासून अडीच फुटांवरही येत नाही. घरातला चौरंग घ्यावा, त्यावर स्पीकर ठेवून पुढची बाजू किंचित उचलावी. काम होते.

जुना माल घेण्यास मी भीत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, जो आता डॉ. भडकमकर मार्ग झाला आहे, किंवा चोरबाजारात चांगल्या जोड्या सापडतात. पडद्याच्या कडेची गोल पट्टी आधी पाहावी. ती फोमची असेल तर आपल्या दमट हवेत काही वर्षांत तिचा भुगा होतो. रबराची पुष्कळ टिकते. मग दोन्ही हातांच्या बोटांनी पडदा अगदी हलके सारखा आत दाबावा. खरखर ऐकू आली तर वेटोळे घासते आहे. ती जोडी तिथेच ठेवावी.

वायर साध्या तांब्याची चालते. तिच्यावर सोन्याचा मुलामा चढवून विकणाऱ्याला चहा पाजावा आणि निरोप द्यावा. फक्त लाल टोक लालला आणि काळे काळ्याला दोन्ही स्पीकरांत सारखे जोडले आहे ना, ते पाहावे. एका बाजूला उलटे जोडले गेले तर खर्ज पातळ होतो आणि गवय्या दोन स्पीकरांच्या मधोमध बसल्यासारखा न वाटता खोलीभर हरवतो. पुष्कळ घरांतल्या पुष्कळ स्पीकरांचा दोष एवढाच असतो. तेव्हा आज घरी गेल्यावर नवे काही घेण्याआधी ती दोन टोके पाहा, आणि तंबोरा लावताना छताचा पंखा बंद करा.