बाटली नव्हे, युनिट लिहा

टाइप 1 मधुमेह असलेल्या मुलाचं इन्सुलिन एक दिवसही बंद ठेवता येत नाही. त्याच्या स्वादुपिंडात ते जवळजवळ तयारच होत नाही. पथ्य, व्यायाम, काढे यांनी ती उणीव भरून निघत नाही. जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्याआधी हा आजार जडलेली मुलं बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांत दगावत. आज तेच इन्सुलिन आपल्या सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतं, आणि 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचेही पैसे द्यावे लागत नाहीत. ही फार मोलाची सोय आहे. ती प्रत्यक्ष हातात पडताना कुठे अडकते, तेवढंच मला आज सांगायचं आहे. अशा मुलांच्या पालकांसोबत मी बरीच वर्षं औषधाच्या खिडकीपुढे उभी राहते आहे.

सगळ्यात जास्त अडतं ते एका आकड्यापाशी. सरकारी रुग्णालयात मिळणारी इन्सुलिनची बाटली साधारणपणे 10 मिलिलिटरची असते. दर मिलिलिटरला 40 युनिट, म्हणजे बाटलीत 400 युनिट. आता तेरा वर्षांचा मुलगा घ्या. वयात येताना डोस झपाट्याने वाढतो, त्याला दिवसाला 50 युनिट लागतात. ती बाटली त्याला आठ दिवस पुरेल. केसपेपरवर मात्र तो नऊ वर्षांचा असताना लिहिलेलं ‘1 बाटली, 15 दिवस’ हेच पुढे उतरवलं जात असतं. खिडकीवरचा फार्मासिस्ट कागदावर आहे तेवढंच देणार. त्याला त्याच्या रजिस्टरचा हिशेब द्यायचा असतो. आई म्हणते, “साहेब, पुरत नाही हो.” तो म्हणतो, “ताई, डॉक्टरांकडून लिहून आणा.” तोवर ओपीडी बंद झालेली असते. तालुक्याच्या गावाहून एसटीने आलेल्या त्या बाईचा दिवसाचा रोज बुडालेला असतो, आणि बाटली पुरवायची म्हणून ती घरी डोस कमी करू लागते. मुलगा काही आठवड्यांनी उलट्या आणि धाप लागून रुग्णालयात भरती होतो, त्याची सुरुवात पुष्कळदा इथे झालेली असते.

मुलगा भरती झाला की चित्र पालटतं. आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णासाठी आहेत. साखर बेसुमार वाढून रक्त आम्लयुक्त झालं, की त्या उपचाराचा खर्च आयुष्मान भारतमध्ये बसतो. ती वेळ येऊ नये म्हणून घरी रोज लागणारं साहित्य बसत नाही. मला हे चुकीचं वाटतं, आणि धोरण ठरवणाऱ्यांनी ते आधी दुरुस्त करावं असं मी स्पष्ट सांगते.

साहित्य म्हणजे काय, तेही सांगते. इन्सुलिनसोबत सिरिंज लागते, ग्लुकोमीटर लागतो आणि त्याच्या पट्ट्या लागतात. दिवसातून चार वेळा साखर तपासायची म्हटली तरी महिन्याला 120 पट्ट्या होतात. मजुरी करणाऱ्या घराला हा खर्च झेपत नाही. पुष्कळ ठिकाणी इन्सुलिन मिळतं, पट्ट्या मिळत नाहीत. साखर न तपासता इन्सुलिन टोचणं म्हणजे अंधारात गाडी हाकणं. रात्री साखर उतरली तर ते आईला कळणार कसं?

सिरिंजबद्दल थोडं थांबून ऐका, कारण इथे जिवाला धोका आहे. आपल्याकडे 40 युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज लाल टोपणाची असते, 100 युनिटची नारिंगी टोपणाची. सरकारी बाटली 40 ची असेल आणि सिरिंज बाहेरून 100 ची आणली, तर दहाच्या रेघेपर्यंत भरूनही मुलाला फक्त चार युनिट मिळतात. उलट झालं, तर अडीच पट डोस जातो. रुग्णालयातला साठा संपला म्हणून बाहेरचं इन्सुलिन घ्यायला सांगतात तेव्हा हा घोटाळा होतो. बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग जुळतो का, ते दर वेळी पाहा.

काही घरांत वडील कारखान्यात असतात. पगार महिना 21,000 रुपयांच्या आत असेल तर राज्य कामगार विमा योजनेचा दवाखाना असतो. पगार त्यापुढे गेला की कार्ड लगेच बंद झालं असं समजून लोक तिथे जाणंच सोडतात. तसं नसतं. वर्गणीचा जो सहामाही कालावधी चालू असेल तो संपेपर्यंत वर्गणीही कापली जाते आणि उपचाराचा हक्कही निदान तोवर राहतो. तेवढ्या मुदतीत जिल्हा रुग्णालयात मुलाची नोंद करून घ्या, म्हणजे इन्सुलिनमध्ये खंड पडणार नाही.

पालकांनो, डॉक्टरांसमोर बसलात की ‘बाटली’ लिहून घेऊ नका. दिवसाला किती युनिट, कोणतं इन्सुलिन, 40 चं की 100 चं, सिरिंज किती, पट्ट्या किती, हे सगळं लिहून मागा. त्याखाली ‘खंड पडल्यास जिवाला धोका’ ही ओळ मागून घ्या. मूल वाढतं आहे, म्हणून हा कागद दर तीन महिन्यांनी नवा करा. त्याच्या झेरॉक्स घरात ठेवा. खिडकीवर ‘शिल्लक नाही’ असं उत्तर मिळालं, तर भांडू नका, पण तसेच परतूही नका. ते केसपेपरवर लिहून मागा आणि तोच कागद घेऊन वैद्यकीय अधीक्षकांना भेटा. रुग्णालयाला गरजेपुरती स्थानिक खरेदी करता येते, आणि मागणी कागदावर दिसली तरच ती करता येते. तोंडी तक्रारीची नोंद कुठेच राहत नाही. बाटली संपायच्या दिवशी जाऊ नका, आठवडाभर आधी जा.

आणि खिडकीपलीकडच्या माझ्या बंधुभगिनींना एक विनंती आहे. रांग मोठी असते, माणसं कमी असतात, हे मी रोज पाहते. पण लहान मुलाचा इन्सुलिनचा कागद पुढे आला, तर त्याला ‘उद्या या’ म्हणू नका. त्या दिवशी असेल तेवढं तरी द्या, आणि उरलेल्याची तारीख लिहून द्या.