कच्च्या मडक्यांची लीग

(ढोकी येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

मंडळी, बाहेरगावी कुणी गाव विचारलं की आपण ‘ढोकी’ म्हणतो. समोरच्याला कळलं नाही तर ‘तेरढोकी, गोरोबाकाकांचं’ म्हणतो, आणि मग लगेच कळतं. त्यामुळे मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतमंडळींची डोकी कशी वाजवून पाहिली आणि तक्रार करणारे नामदेव कच्चं मडकं कसे ठरले, ही गोष्ट मी तुम्हाला नव्यानं सांगायची गरज नाही. मला त्यातली एकच गोष्ट आज हवी आहे. थापटण्यानं मडकं कच्चं होत नाही. आत जे आहे त्याचा आवाज बाहेर येतो, एवढंच.

मागच्या सप्टेंबरात मी असे आवाज ऐकत बसलो होतो. तो सप्टेंबर आपल्यापैकी कुणाला आठवायला आवडणार नाही. पाऊस थांबत नव्हता, सोयाबीन पाण्यात उभं होतं, रानात पाय टाकायची सोय नव्हती. संध्याकाळी माणसं ओसरीवर येऊन बसायची आणि टीव्हीवर दुबईतला आशिया चषक चालू असायचा. त्याआधी महिनाभरच, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला होता. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. एवढ्या झपाट्यानं आपल्याकडं पंचनामासुद्धा होत नाही. खऱ्या सामन्यातले गडी निवडून मोबाइलवर आपला संघ खेळवायचं ‘ड्रीम इलेव्हन’ हे ॲप, त्याचे पैशाचे सामने बंद झाले. भारतीय संघाच्या छातीवरचं त्या ॲपचं नावही गेलं आणि संघ त्या स्पर्धेत कोऱ्या छातीनं खेळला.

ओसरीवरची दोन पोरं हळहळत होती. मी निवृत्त गणिताचा मास्तर. म्हटलं, खेळ हवाय ना? मग वहीत खेळू. पैसा नाही, हरला त्यानं चहा पाजायचा.

हे काही नवीन नव्हतं. अमेरिकेत १९६२ साली ओकलंडच्या विल्फ्रेड विंकेनबाख यानं मित्रांना घेऊन त्यांच्या फुटबॉलची अशी कागदी लीग काढली. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट या पत्रकारानं बेसबॉलची काढली आणि न्यूयॉर्कच्या ज्या खाणावळीत मंडळी जमायची तिचंच नाव त्या खेळाला पडलं. तेव्हा मोबाइल नव्हता. वर्तमानपत्रातले आकडे पाहून हातानं बेरजा करायच्या. आम्ही तिथंच परत गेलो.

नियम ॲपच्या धर्तीवर घेतले, थोडे बदलून, थोडे छाटून. दोन्ही संघांतून अकरा गडी निवडायचे, एका संघातले सातच्या वर नाहीत. प्रत्येक खेळाडूला किंमत, तिला क्रेडिट म्हणतात, आणि अकरांची बेरीज शंभरच्या आत हवी. धावेला १ गुण, बळीला २५, झेलाला ८. कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. किमती मी ठरवल्या आणि त्यावरून शिव्याही मीच खाल्ल्या.

खेळणारे सात. एक काळीपिवळीचा ड्रायव्हर, एक मेडिकलवाला, कॉलेजची दोन पोरं, एक किराणावाले काका, एक प्राथमिक शिक्षिका आणि माझा भाचा. नावं घेत नाही, तिघं समोरच बसलेत. पोरं सोडली तर हा खेळ कुणी कधी खेळलेलं नव्हतं. क्रिकेट मात्र सगळ्यांना येत होतं, आणि गंमत तिथंच आहे. नवशिक्याला क्रिकेट कळत नसतं असं नाही. त्याला प्रश्न कळत नसतो. वही विचारते, ‘आज कुणाच्या वाट्याला किती चेंडू येतील?’ आणि तो उत्तर देतो, ‘मला कोण आवडतो.’

किराणावाले काकांनी पहिल्या दिवशी सहाव्या-सातव्या क्रमांकावर खेळणारे चार फलंदाज घेतले. सगळे तगडे, षटकार मारणारे. वीस षटकांच्या सामन्यात वरचे चांगले खेळले तर या चौघांना मिळून दहा चेंडूही मिळत नाहीत. मी तसं म्हणालो तर काका म्हणाले, “व्हय, पण गडी दमदार हायत की.” गोदाम भरलेलं आहे, पण गिऱ्हाईकच येत नाही, असा तो संघ होता. त्यांच्याच धंद्यातला दाखला दिल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी सलामीचे तिघं घेतले. पुस्तकी बोलून काही झालं नसतं.

भारत-पाकिस्तान सामन्याला खरी परीक्षा झाली. एका संघातले सातच घेता येतात, म्हणजे चार पाकिस्तानी घ्यावेच लागतात. ड्रायव्हर उठून उभा राहिला. “सर, ह्ये कसलं? त्यांचं चार गडी माझ्या टीममधी?” बरीच घासाघीस झाल्यावर त्यानं सगळ्यात स्वस्तातले चौघं घेतले आणि सामनाभर ते बाद व्हावेत म्हणून हात जोडून बसला. स्वतःच्याच संघाचं वाईट चिंतणारा मालक मी पहिल्यांदा पाहिला. त्याला हसू नका. त्याला गुणांपेक्षा दुसरं काही मोठं वाटत होतं आणि त्यानं ते लपवलं नाही.

२८ सप्टेंबरचा अंतिम सामना, तोही भारत-पाकिस्तान. सातपैकी सहा वह्यांत कर्णधार एकच, अभिषेक शर्मा. चूक म्हणावी का? त्याआधीच्या तीन सामन्यांत त्याच्या धावा होत्या ७४, ७५ आणि ६१. गेल्या वर्षी ज्या मालाला भाव मिळाला तोच औंदा सगळ्या शिवारात पेरायचा, हे आपण दरसाल करतो. मेडिकलवाल्यानं तर नाणेफेकीची वाट न पाहता दुपारीच वही भरली आणि दुकान गाठलं. त्यात हार्दिक पांड्या होता. हार्दिक दुखापतीमुळं त्या दिवशी खेळलाच नाही. दहा गड्यांनिशी लढणारा तो एकटाच.

शिक्षिकेनं कुलदीप यादवला कर्णधार केलं. मी स्वतः, पंच असूनही, न राहवून म्हणालो, “बाई, अभिषेक सोडू नका.” त्या म्हणाल्या, “सर, सगळ्यांनी त्यालाच घेतलंय. मीपण घेतला तर त्याच्या धावांनी मी पुढं कशी जाणार?”

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पाकिस्तान एकाला ११३ वरून सर्वबाद १४६, कुलदीपचे ४ बळी. अभिषेक ५ धावांवर बाद. सहा वह्यांत कर्णधाराचे फलंदाजीचे गुण दहा, आणि बाईंच्या वहीत नुसत्या बळींचे दोनशे. तिलक वर्मानं नाबाद ६९ करून सामना काढून दिला. त्याला कुणीच कर्णधार केलं नव्हतं.

घरी येऊन मी हिशेब मांडला. बावीसातून अकरा निवडायच्या रीती ७,०५,४३२. त्यात कर्णधार-उपकर्णधाराच्या ११० जोड्या. गुणाकार ७,७५,९७,५२०. किमतीची आणि सातची अट लावली की आकडा घटतो, तरी तो प्रचंडच राहतो. एवढ्या वाटा मोकळ्या असताना सहा माणसं एकाच पायवाटेनं गेली. नवखेपणा ओळखायची माझ्या दृष्टीनं हीच खूण आहे. नवखा चुकतो म्हणून नव्हे, तर सगळे नवखे मिळून एकच चूक करतात म्हणून.

आता थोडं कडू बोलतो. हा खेळ जुगार नाही, कौशल्याचा आहे, असं पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये म्हटलं. कौशल्य लागतं, हे मी ओसरीवर डोळ्यांनी पाहिलं. पण मला भीती वाटते ती त्यामुळेच. नुसत्या नशिबाच्या खेळात कच्चा आणि पक्का सारखेच असतात. नाणं कुणाची पदवी विचारत नाही. कौशल्याच्या खेळात कच्चा हटकून हरतो. ॲपवर एकेक मुरलेला गडी एकाच स्पर्धेत अनेक संघ उतरवायचा आणि आपला ड्रायव्हर एकुलता एक संघ घेऊन त्याच्यासमोर बसायचा, खिशातले पैसे लावून. २०२५ च्या कायद्यानं कौशल्य की नशीब हा वादच बाजूला ठेवला आणि पैसा लावायचा नाही एवढंच पाहिलं. कायद्याच्या बारकाव्यावर वकील भांडतील. मी एवढंच पाहिलं, की पैसा नसताना मेडिकलवाला हरला, हसला, चहा पाजला आणि पुढच्या वेळी नाणेफेकीपर्यंत थांबायचं ठरवून गेला. पाचशे रुपये गेले असते तर तो थांबायला नव्हे, पैसे वसूल करायला शिकला असता.

वही संपली, पण खेळ संपला नाही. शिक्षिकाबाई शाळेत मुलींचा खो-खो घेतात. त्या म्हणाल्या, “सर, याच वहीत खो-खो बसवू या.” मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणालो. आपला धाराशिव जिल्हा खो-खोचा. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघाची कर्णधार सारिका काळे इथली. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. मी पेपरातलं कात्रण घेऊन कोष्टक आखलं. गडी टिपला की १० गुण, संरक्षणाच्या दर दहा सेकंदांना २.

शिक्षिकाबाईंच्या दोन विद्यार्थिनी आल्या होत्या. एकीनं कोष्टक पाहिलं आणि विचारलं, “खांबावर सूर मारून टिपला तर?” मी म्हणालो, तेवढेच. दुसरी म्हणाली, “आणि पहिल्या तुकडीनंच सगळा वेळ खाल्ला तर तिसऱ्या तुकडीतली पोरगी शून्यावर? ती वाईट खेळली म्हणून का?” मग दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. त्या पाहण्याचा आवाज मला ऐकू आला.

तेव्हा व्यवस्थापकांना विनंती, अध्यक्षीय भाषण झाल्यावर फळ्यावरचं हे कोष्टक पुसू नका. आज इथं खो-खो खेळलेल्या आयाबहिणी बऱ्याच दिसतात. त्यांनी चहाला जरा थांबावं. पहिल्या तुकडीच्या आणि तिसऱ्या तुकडीच्या गड्याची किंमत कशी लावायची, हे मला अजून जुळत नाही.