जुन्या छायाचित्रांची ओळख : एका चुकीची दुरुस्ती

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



मी व्याख्याता नाही. बी. कॉम. ची परीक्षा दिली आणि निकाल लागण्यापूर्वीच वडिलांच्या कापडदुकानात गादीवर बसलो, तो आजही तेथेच आहे. ‘घरातील जुनी छायाचित्रे’ हा विषय संयोजकांनी मला दिला असे कार्यक्रमपत्रिकेत छापले आहे. खरे पाहता तो मीच मागून घेतला. कारण आपल्या संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत माझ्या हातून एक चूक झाली होती, आणि ती जेथे झाली तेथेच दुरुस्त व्हावी, अशी माझी इच्छा होती.

त्या स्मरणिकेत सोलापुरातील जुन्या घराण्यांची छायाचित्रे छापली होती. आमच्या घरचे जे छायाचित्र मी दिले, त्याखाली मजकूर होता : ‘आमचे आजोबा, आजी व आजीच्या मांडीवर आमचे वडील, सन १९२५.’ यातील ‘आजोबा’ एवढाच शब्द बरोबर होता.

हे मला पंचवीस वर्षांनी कळले. कसे कळले ते सांगण्यापूर्वी, जुन्या छायाचित्राचा काळ ठरवताना मला काय काय उपयोगी पडले ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या माळ्यावर अशी एखादी पत्र्याची पेटी असेलच.

हिशेबात जशी आरंभीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक असते, तशाच छायाचित्राला दोन सीमा असतात. एक, ज्याच्या आधी ते काढलेलेच असू शकत नाही. दुसरी, ज्याच्यानंतर ते असू शकत नाही. आपल्या समाजापुरते उदाहरण घ्यावयाचे तर, त्रिलोकाच्या आकृतीतील हाताचे जे जैन प्रतीक आज आपल्या प्रत्येक पत्रिकेवर असते, ते भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवात, म्हणजे १९७४-७५ साली सर्व पंथांनी मिळून स्वीकारले. ज्या फोटोतील कापडी फलकावर ते प्रतीक आहे, तो फोटो त्यापूर्वीचा नव्हे. उलट, आचार्य शांतिसागर महाराजांची समाधी कुंथलगिरी येथे सप्टेंबर १९५५ मध्ये झाली. ज्या समूहचित्रात महाराज स्वतः विराजमान आहेत, ते त्यानंतरचे असणे शक्यच नाही.

श्रवणबेळगोळचे फोटो तर स्वतःच आपले साल सांगतात. गोमटेश्वरांच्या मूर्तीभोवती परांची बांधलेली दिसली की तो महामस्तकाभिषेकाचा काळ. १९४०, १९५३ आणि १९६७ ही त्या मधल्या काळातील वर्षे. आमच्या घरी असा एक फोटो आहे. त्यात वडिलांच्या कडेवर माझी मोठी बहीण आहे आणि मी कोठेच नाही. म्हणजे १९५३. (बहीण हा पुरावा आजही मला अधूनमधून दाखवते.)

इतर खुणा लहान आहेत, पण पक्क्या आहेत. स्टुडिओच्या पाकिटावर किंमत रुपये-आणे-पैमध्ये असेल तर ती एप्रिल १९५७ मध्ये नवे पैसे येण्यापूर्वीची, निदान त्याच्या आसपासची. शिक्क्यात सहा आकडी पिनकोड असेल तर तो शिक्का ऑगस्ट १९७२ नंतरचा.

आता कपड्यांविषयी. कापडवाला असल्याने लोक मला फोटो दाखवतात आणि विचारतात, ‘शेठ, हे कापड कधीचे?’ टेरिकॉटचा शर्ट दिसला तर साठीच्या दशकाच्या मागे जाता येत नाही, एवढे मी खात्रीने सांगतो. परंतु कापडाच्या साक्षीवर फार विसंबू नये, हा माझ्याच धंद्याविरुद्ध मी दिलेला सल्ला आहे. आपल्या घरांत एक शालू तीन पिढ्यांच्या लग्नांत मिरवतो. शिवाय जुन्या स्टुडिओत गिऱ्हाइकांना घालावयास कोट, टोपी, हातात धरावयास पुस्तक किंवा काठी ठेवलेली असे. आपले पणजोबा ज्या रुबाबदार कोटात बसलेले दिसतात, तोच कोट त्या आठवड्यात आणखी दहाजणांनी घातला असेल.

याहून मोठा धोका नकलांचा. एखादी व्यक्ती निवर्तली की घरातील समूहचित्रातून तिचा चेहरा उचलून मोठा करावयाचा, रंगवावयाचा आणि हार घालून दिवाणखान्यात लावावयाचा, ही पद्धत सर्वत्र होती. कागद आणि चौकट १९६० ची, चेहरा १९३० चा आणि अंगावरचा कोट तर चित्रकाराच्या कल्पनेतला! तेव्हा आधी हातातील वस्तू मूळ आहे की नक्कल, हे पाहावे.

आमचे छायाचित्र मूळ होते. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, कडेला सोनेरी रेघ, मागे रंगवलेला पडदा. आजोबा खुर्चीवर, शेजारी एक तरुण स्त्री, तिच्या मांडीवर आठ-दहा महिन्यांचे मूल. १९८८ साली वडिलांनी सांगितले आणि मी पुठ्ठ्यामागे बॉलपेनने नावे लिहिली. वडिलांचा जन्म १९२४ चा. मांडीवरचे मूल ते, म्हणून साल १९२५. एवढाच काय तो पुरावा! व्हाउचरशिवाय खर्ची टाकणाऱ्या मुनिमाला मी दुकानात बोलतो, आणि येथे मी स्वतः तेच केले. (बॉलपेनने कधीही लिहू नये. दाब पुढच्या बाजूस उमटतो, शाई पसरते. मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावे.)

या सुवर्णमहोत्सवासाठी तेच छायाचित्र पुन्हा द्यावयाचे ठरले. सूनबाईंनी ते स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर मोठे केले आणि सहज विचारले, ‘पप्पा, आजींचा कान असा होता का?’ आजींचा १९६८ चा एक स्वच्छ फोटो आमच्याकडे आहे. दोन्ही शेजारी ठेवले. वयाने गाल बसतात, केस विरळ होतात, दागिन्यांच्या भाराने कानाची पाळीही लोंबते. पण कानाच्या वरच्या कडेची वळणे सहसा बदलत नाहीत. आजींच्या कानाची वरची कड टोकदार होती. या बाईंची गोल होती, दोन्ही कानांची.

मग या कोण? घरातील एक वृद्ध आत्या म्हणाल्या, ‘पांढरे लुगडे आहे, म्हणजे दादांची विधवा बहीण असणार.’ सर्वांना ते पटले. मलाही पटले असते, पण कापडाचे धागे मोजावयाचे भिंग माझ्या खिशातच असते. ते मूळ फोटोवर ठेवले तेव्हा दोन्ही मनगटांत काचेच्या बांगड्या दिसल्या. बाई सौभाग्यवती होत्या. मग लुगडे पांढरे कसे?

याचे उत्तर माझ्या धंद्याच्या अगदी जवळचे निघाले. त्या काळच्या काचेच्या प्लेटींवर निळा रंग फार लवकर उमटत असे आणि तांबडा जवळजवळ उमटतच नसे. त्यामुळे फोटोत निळे कापड पांढरे आणि लाल कापड काळे दिसते. सर्व रंगांना योग्य प्रतिसाद देणाऱ्या प्लेटी आणि फिल्म पुढे १९३० च्या सुमारास सार्वत्रिक होत गेल्या. म्हणजे ते लुगडे पांढरे आणि काठ काळा नव्हता. लुगडे आस्मानी आणि काठ लाल असणार. शंभर वर्षांपूर्वीच्या एका तरुण स्त्रीला आम्ही केवळ प्लेटीच्या दोषामुळे विधवा ठरवीत होतो.

शेवटी मी जेथे आधी जावयास हवे होते तेथे गेलो : आजोबांच्या चोपड्या. जुन्या वळणाची गुजराती अक्षरे मला अडखळत वाचता येतात. संवत १९७३, माघ शुद्ध पंचमीच्या कीर्दीत ‘फोटो खर्च’ अशी नोंद सापडली, स्टुडिओच्या नावासह, आणि तेच नाव पुठ्ठ्यावर आहे. आपल्या चोपड्यांचे संवत्सर कार्तिकापासून चालते, म्हणून कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तिथीसाठी संवतातून ५७ आणि त्यापुढच्या तिथीसाठी ५६ वजा करावयाचे. तेव्हा जानेवारी १९१७. त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या दहा वर्षांत फोटोची दुसरी नोंद नाही.

आमच्या आजींच्या लग्नातील तांब्याच्या हंड्यावर ‘वैशाख, संवत १९७६’ असे कोरलेले आहे. म्हणजे १९२०.

जानेवारी १९१७ मध्ये नऊ महिन्यांचे असलेले मूल आमच्या घरात एकच. वडील नव्हेत, मोठे काका. त्यांचा जन्म १९१६ च्या चैत्रातला.

त्यानंतर मी संवत १९७४ ची चोपडी उघडली. आसो महिना, म्हणजे ऑक्टोबर १९१८. इन्फ्लुएंझाची साथ मुंबई इलाख्यात सर्वाधिक भडकली ते हेच दिवस. घरखात्यावर सलग चार दिवस डॉक्टर आणि औषधे. पाचव्या दिवशी लाकडे. पुढची तीन पाने कोरी आहेत. चौथ्या पानापासून पुन्हा धोतरजोड्या आणि खण.

आजोबांची आधी एक पत्नी होती, हे आमच्या घरात कोणी कधी उच्चारले नाही. आजींनी मोठ्या काकांना आणि माझ्या वडिलांना एका ताटात वाढले. सणाला पहिला घास काकांना देत, आणि आम्ही नातवंडे त्याला थोरलेपणाचा मान समजत होतो. काकांना हे ठाऊक होते किंवा काय, ते विचारावयास आता कोणी नाही. काका १९९१ साली गेले.

हे सर्व छापावे की नाही, यावर मी दोन महिने विचार केला. आजींच्या आईपणाला यामुळे उणेपणा येईल का, ही शंका मनातून जात नव्हती. अखेर काकांच्या चिरंजीवांकडे, माझ्या थोरल्या चुलतभावाकडे गेलो. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. फोटो आणि चोपडी समोर ठेवून क्रमाने सर्व सांगितले. त्यांनी भिंग घेतले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘अप्पांचे नाक कोणाचे, असे आई नेहमी विचारायची. हे बघ.’ आणि स्वतःच्या नाकावर बोट ठेवले. थोड्या वेळाने म्हणाले, ‘छाप. पण आजीचा फोटो शेजारी छाप. एकटीचा नको.’

त्याप्रमाणे या स्मरणिकेत दोन्ही छायाचित्रे शेजारी शेजारी दिली आहेत. आजींच्या फोटोखाली त्यांचे नाव आहे. दुसऱ्या फोटोखाली आजोबांचे आणि मोठ्या काकांचे नाव आहे, आणि मध्ये जागा कोरी सोडली आहे. त्या बाईंचे नाव आम्हांला मिळाले नाही. चोपडीत घरखाते आहे, औषध आहे, लाकडे आहेत, नाव नाही. हंडा, ताट, वाटी, कशावरही नाही. कदाचित माहेरची भांडी माहेरी परत गेली असतील.

माहेर आपल्याच समाजातले असणार, आणि बहुधा सोलापूर, बार्शी, फलटण, बारामती याच पट्ट्यातले. म्हणून आपणा सर्वांना विनंती आहे. १९१५ च्या आसपास सोलापूरच्या कापडवाल्याकडे दिलेली आणि १९१८ च्या साथीत गेलेली मुलगी, आत्या किंवा पणजीची बहीण आपल्या घरच्या बोलण्यात कधी आली असेल, किंवा एखाद्या समूहचित्रात असा गोल कान आणि असे नाक दिसले, तर मला कळवावे. मूळ छायाचित्र आज सभागृहाच्या दाराशी, टेबलावर ठेवले आहे. भिंगही तेथेच आहे. जेवणाच्या पंगती उठेपर्यंत मी तेथे उभा आहे.

जय जिनेंद्र.