सुई टोचल्याच्या दुसऱ्या दिवशी

आशाताई, अंगणवाडीताई, सेविका, आरोग्य सहायक आणि डॉक्टर मंडळी,

आजच्या सभेच्या अध्यक्षपदाचा मान तुम्ही एका निवृत्त नर्सबाईला दिलात. माझी सगळी नोकरी कर्जत आणि खालापूरच्या वाड्यांवर गेली, त्यामुळे बोलेन तेही तिथलंच. आज मला तुमच्याकडे एकच मागायचं आहे. लसीला नाही म्हणणाऱ्या तरुणांच्या नावापुढे आपण 'गैरसमज' असा शेरा मारतो, तो थांबवा. 2021 मध्ये मीही तो कितीदा तरी मारला. पुढे त्यातल्या प्रत्येकाशी बसून बोलले, तेव्हा त्या एका शब्दाखाली आपण काय काय झाकून ठेवतो ते कळलं.

त्या वर्षीचा हिशेब आठवा. 1 मेपासून अठरा वर्षांवरच्यांना कोविडची लस खुली झाली, पण नोंदणी मोबाइलवर. पाड्यात रेंज नाही, आणि शहरातले लोक गावाकडच्या केंद्रांवरच्या जागा काही मिनिटांत भरून टाकायचे. आपली मुलं मागे राहिली. मग 15 ऑगस्टला लोकल सुरू झाली ती दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांसाठी. कोविशिल्डच्या दोन डोसांमध्ये 84 दिवसांचं अंतर. जूनमध्ये पहिला डोस मिळालेल्या पोराला पाससाठी सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडणार. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी या स्टेशनांवरून कामाला जाणारी मुलं केंद्रावर आली ती पाससाठी. दंड पुढे केला, पण मनातला प्रश्न विचारलाच नाही. आणि आपणही तो काढून घेतला नाही. घाई होती, हे मला मान्य आहे.

आता कातकरी वाडीचं कॅलेंडर बघा. त्या वर्षी गणपती 10 सप्टेंबरला बसले. त्या दिवशी पहिला डोस घेतलेल्याचा दुसरा येतो 3 डिसेंबरला. तोवर दिवाळी होऊन महिना होत आलेला. उचल घेतलेली जोडपी वीटभट्टीवर गेलेली, कुणी कोळसा पाडायला घाटावर. आपण यादी घेऊन वाडीत गेलो, झोपड्यांना झाप लावलेले पाहिले आणि लिहिलं, 'लाभार्थी गैरहजर'.

अशाच एका भट्टीवर बावीसएक वर्षांचा मुलगा मला भेटला. हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले, बायको शेजारी साचा धुत होती. म्हणाला, "बाई, पहिल्या सुईला दोन दिवस ताप आला. ताप मला आला, पण बसली दोघं. चिखल कोण करणार, विटा कोण पाडणार? मालक हजारावर पैसे देतो." मी लसीचे फायदे सांगायला लागले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "उद्या ताप आला तर तुम्ही येणार का?"

माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. आमच्या गाडीला रोज नवीन भट्टी गाठायची होती.

त्याच्या बायकोची भीती वेगळी होती. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, सुईने मूल होत नाही, असं सासू सांगते. आपण याला अफवा म्हणतो. लसीपुरती ती अफवाच आहे, आणि तसं मी तिला स्पष्ट सांगितलं. पण त्या सासूची भीती हवेतून आलेली नाही. 1976 साली आपल्याच विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही, इतकंच. नसबंदीच्या त्या दिवसांत सरकारी गाडी दिसली की पुरुषांनी रानात पळायचं, हे ज्या घराने पाहिलं, त्या घराला आपली निळी पेटी आणि ती गाडी वेगळी कशी वाटावी? ते वेगळेपण दाखवायचं काम आपलं आहे, त्या सासूचं नाही.

आम्ही एवढंच केलं : दिवस बदलला. भट्टीवर आठवड्याची खर्ची मिळते, दुसऱ्या दिवशी बाजार आणि सुट्टी. लस खर्चीच्या दिवशी संध्याकाळी दिली, म्हणजे ताप आलाच तर सुट्टीच्या दिवसात निघेल. मला स्वतःला किती ताप आला होता, तेही सांगितलं. प्लेगच्या दिवसांत, 10 जानेवारी 1897 ला, हाफकिन साहेबांनी मुंबईत आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांनाही ताप आला होता. ताप येतो हे लपवण्यासारखं काही नाही. लपवलं की पुढची सुई अडते.

लस दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीची वाट न बघता पॅरासिटामॉलच्या गोळ्या घेऊन एसटीने गेले. मुलगा गोधडीत होता, अंगात कणकण. अर्धा तास त्याच्याजवळ बसले, बायकोने कोरा चहा दिला. मी निघताना शेजारच्या झोपडीतल्या चौघांनी विचारलं, "बाई, पुढच्या खर्चीला येणार ना?"

म्हणून माझी मागणी शेऱ्यापाशी थांबत नाही. लसीकरणाच्या आराखड्यात दुसऱ्या दिवसाची भेट लिहा, आणि तिचा प्रवासखर्चही. दिवाळीआधी कोणती जोडी कुठल्या भट्टीवर जाणार, ते आशाताईंना ठाऊक असतं. ती यादी त्या तालुक्याच्या दवाखान्याला कळवू द्या. 'गैरसमज' लिहायच्या रकान्यात त्या माणसाने विचारलेला प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहा. जेवणानंतरच्या सत्रात कोरे कागद वाटणार आहोत. खांडस, कशेळे, चौक, वावोशी, जिथून जो आला असेल, त्याने आपल्या वाडीतला एक प्रश्न लिहून माझ्याकडे द्यावा. मी ते सगळे वाचल्याशिवाय घरी जाणार नाही.